स्कॉलरशिपचं लेटर बाजूला सारण्याआधी

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

मार्च-एप्रिल आला की बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत रात्रीची जेवणं आटोपली की एकच विषय निघतो, अॅडमिशनचा. कुणाचं अमेरिकेचं चाललेलं असतं, कुणाचं जर्मनीचं, कुणाचं इथल्याच एखाद्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं. मी बरीच वर्षं बँकेत एज्युकेशन लोनच्या टेबलावर होते, आता रिटायर झालेय, तरी दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंतची ओळखीची मंडळी अजून कागद घेऊन घरी येतात आणि मला ते आवडतं. पण त्यातल्या एका प्रकारच्या घराची मला फार काळजी वाटते म्हणून हे पत्र लिहितेय.

त्या घरात मुलाला किंवा मुलीला दोन ठिकाणी अॅडमिशन मिळालेली असते. एका ठिकाणी फुल स्कॉलरशिप, म्हणजे फी माफ आणि वर महिन्याला राहण्या-खाण्यापुरते पैसे, पण त्या युनिव्हर्सिटीचं नाव आपल्या नातेवाइकांत कुणी ऐकलेलं नसतं. दुसऱ्या ठिकाणी नाव असं की सगळ्यांना माहीत, पण मदत एका पैशाची नाही. आणि घरातले मोठे, मुलाचे मित्र, कोचिंगवाले, कन्सल्टंट सगळे मिळून त्याला दुसरीकडे ढकलतात, अशी संधी परत येत नाही म्हणतात, लोन काय सगळेच घेतात म्हणतात. माझं म्हणणं सरळ आहे. फुल स्कॉलरशिप सोडायची असेल तर सोडा, पण त्याला ठोस कारण पाहिजे, आणि नाव मोठं आहे हे एकटं कारण पुरत नाही, निदान घर तारण ठेवायची वेळ येणार असेल तेव्हा तरी नाही.

माझ्या भाचीचं सांगते. ती एमएसयूच्या, म्हणजे इथल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या, टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून बीई झाली, आपल्या जुन्या कलाभवनातून, आणि अमेरिकेत एमएससाठी, म्हणजे मास्टर्ससाठी, तिने अर्ज केले. एक लेटर आलं ईस्ट कोस्टच्या एका फार मोठ्या नावाच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं, दोन वर्षांचा खर्च सव्वा कोटीच्या पुढे. दुसरं आलं मधल्या भागातल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीचं, ट्यूशन माफ, प्रोफेसरच्या लॅबमध्ये आठवड्याला २० तास काम, त्याचा स्टायपेंड, वर हेल्थ इन्शुरन्सचा मोठा हिस्सा. माझ्या भावाने पहिलं लेटर फ्रिजवर मॅग्नेटने लावलं होतं आणि दुसरं ईमेलमध्येच पडून होतं, प्रिंटसुद्धा काढलेली नव्हती. मी म्हटलं दादा, आधी दोन्ही कागद टेबलावर येऊ देत मग बोलू.

आधी नावाच्या लेटरचा हिशोब केला. काही बचत घालून ८० लाखांचं लोन लागणार होतं, मांजलपूरचा फ्लॅट तारण. व्याज १० टक्के धरा आणि फेड १० वर्षांची धरा, महिन्याचा हप्ता येतो १ लाख ५ हजारांच्या वर, आणि एकूण परत जातात सुमारे १ कोटी २७ लाख. शिवाय कोर्स चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष जे मोरेटोरियम असतं त्या काळात हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं, ते ज्याने तेव्हाच्या तेव्हा भरलं नाही त्याच्या डोक्यावर ते पुढे येऊन बसतं, हे लोकांना सांगूनसुद्धा खरं वाटत नाही. मोरेटोरियम म्हणजे माफी अशीच समजूत असते.

आता हा हप्ता कुणाच्या पगारातून जाणार? सगळ्यांचं गणित डॉलरच्या पगारावर मांडलेलं असतं. पण तिकडे शिकून झाल्यावर कामाची जी परवानगी मिळते, ओपीटी म्हणतात ती, ती १२ महिन्यांची, सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी २४ महिने, म्हणजे फार तर ३ वर्षं. त्यानंतर एच-१बी, म्हणजे तिकडचा नोकरीचा व्हिसा, आणि त्याच्या जागा वर्षाला ६५ हजार अधिक तिकडे मास्टर्स केलेल्यांना २० हजार, अर्ज त्याहून पुष्कळ जास्त म्हणून ड्रॉ. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर एच-१बीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली, ती कुणाला लागू कुणाला नाही यावरूनच केवढा गोंधळ उडाला. युनिव्हर्सिटी कितीही मोठी असली तरी यातलं काहीच तिच्या हातात नाही. मूल परत आलं आणि इथे चांगली नोकरी लागली तरी रुपयांच्या पगारातून एक लाखाचा हप्ता सुरुवातीच्या वर्षांत कसा निघेल ते प्रत्येकाने घरी कागद-पेन घेऊन बघावं. आणि लोनला को-अॅप्लिकंट वडील असतात, त्यांच्या रिटायरमेंटला तेव्हा किती वर्षं उरलेली असतात तेही त्याच कागदावर लिहावं. हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, दोघांचंही बिघडतं, मुलाचंही आणि वडिलांचंही.

एक गोष्ट बँकेच्या टेबलावर बसलेल्यालाच नीट दिसते. बऱ्याच बँकांकडे मोठ्या संस्थांच्या याद्या असतात, त्या यादीत नाव असलं की तारण कमी मागतात किंवा एका मर्यादेपर्यंत मागतच नाहीत. नाहीतर साडेसात लाखांच्या वर सर्वसाधारणपणे तारण लागतं. पालक आनंदाने सांगायला येतात की मॅडम, बँक पण म्हणाली ही युनिव्हर्सिटी चांगली, विनातारण देताहेत. अहो पण बँकेने आपल्या पैशाचा अंदाज घेतलेला असतो, तुमच्या मुलाच्या पुढच्या दहा वर्षांचा नाही. तारण नसलं म्हणून कर्ज लहान होत नाही, आणि प्रायव्हेट फायनान्स कंपनी असेल तर व्याज उलट जास्तच असतं.

मग दुसरं लेटर वाचलं, आणि स्कॉलरशिपचं लेटरसुद्धा तेवढंच बारकाईने वाचायला लागतं हे मला इथे मुद्दाम सांगायचंय. भाचीच्या लेटरमध्ये लिहिलं होतं की पहिल्या वर्षाची हमी आहे आणि दुसरं वर्ष प्रगती समाधानकारक असेल आणि फंड उपलब्ध असेल तर. ट्यूशन माफ, पण दर सेमिस्टरची स्टुडंट फी वेगळी, ती आपण भरायची. स्टायपेंड ९ महिन्यांचा, उन्हाळ्याचे ३ महिने कोरडे. ग्रेड एका आकड्याच्या खाली गेला तर मदत बंद. हे सगळं वाचून वहिनी एकदम खचल्या, म्हणाल्या बघा म्हणजे हे पण काही खरं नाही. मी म्हटलं नाही वहिनी, हे खरंच आहे, फक्त याला प्रश्न विचारायचे आहेत. भाचीने रात्री बसून प्रोफेसरांना मेल लिहिला, अगदी साधा, की माझी पोझिशन कुठल्या ग्रँटमधून आहे आणि ती ग्रँट किती वर्षांची आहे, उन्हाळ्यात लॅबमध्ये काम मिळू शकतं का, आणि तुमच्या आधीच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी मदत चालू राहिली का. दोन दिवसांत उत्तर आलं, ग्रँट ३ वर्षांची आहे, उन्हाळ्यात बहुतेक वेळा काम असतं, आणि सध्याच्या एका विद्यार्थ्याचा ईमेल पण दिला की याच्याशी मोकळेपणाने बोल. तो मुलगा होता पुण्याचा, त्याने अर्धा तास बोलून खोलीचं भाडं, थंडीचे कपडे, प्रोफेसरांचा स्वभाव सगळं सांगितलं. असं उत्तर येणं हीच त्या जागेची मोठी ओळख असते असं मला वाटतं.

तिने मोठ्या युनिव्हर्सिटीलाही विचारलं की मला दुसरीकडे पूर्ण मदत मिळतेय, तुमच्याकडे काही होऊ शकेल का. त्यांचं नम्र उत्तर आलं की मास्टर्सच्या मुलांना मदत नाही. हरकत नाही, पण विचारलं हे बरं केलं. आपल्याकडे विचारायला संकोच वाटतो, आपल्याला जागा दिली हेच खूप, आणि वर पैसे कसे मागायचे. तिकडे ही नेहमीची गोष्ट आहे, कुणी वाईट मानत नाही, दिलेली अॅडमिशन त्यासाठी काढून घेत नाहीत.

आणि घाई करू नये. अमेरिकेत ग्रॅज्युएट स्कूल्सच्या कौन्सिलचा १५ एप्रिलचा ठराव आहे, त्यावर सह्या केलेल्या युनिव्हर्सिटीज मदतीची ऑफर दिलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला भाग पाडत नाहीत. बऱ्याच मुलांना हे माहीत नसतं आणि तीन दिवसांत कळवा म्हटलं की घाबरून होकार-नकार देऊन मोकळी होतात.

भाचीने स्कॉलरशिप घेतली. पण त्यानंतर जे झालं त्याचं मला जास्त वाईट वाटलं. लग्नकार्यात भेटलेले लोक विचारायचे, काय गं, त्या मोठ्या ठिकाणी नाही मिळालं का? मिळालं होतं हो म्हटलं की मग काय झालं, पैशाचं का, असं विचारून गप्प बसायचे, वहिनींचा चेहरा उतरायचा. त्या मुलीला जगातल्या इतक्या अर्जांमधून एका लॅबने निवडून, पगार देऊन बोलावलं होतं, ही अभिमानाची गोष्ट आहे की नाही? पैसे भरून बसण्यापेक्षा पैसे देऊन बोलावणं मोठं नाही का? आपल्या समाजात स्कॉलरशिप म्हणजे गरिबाला मिळालेली मदत असं जे डोक्यात बसलंय ते निघायलाच पाहिजे.

त्यातून आपण बडोद्याचे. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना ३ वर्षांसाठी महिन्याला साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन कोलंबियाला पाठवलं, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच्या आधी एल्फिन्स्टनमध्ये शिकताना महिना २५ रुपये होते ते वेगळेच. इतकं मोठं आयुष्य उभं राहायला त्या स्कॉलरशिपचा हात लागला. पण त्याच गोष्टीत दुसरी बाजूही आहे, की त्या स्कॉलरशिपला १० वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता आणि मुदत संपल्यावर १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. बडोद्यात नोकरीला आले तर राहायला जागा कुणी दिली नाही, अपमान झाला, आणि कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी जो निश्चय केला ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपण दाखवतो. लंडनला ते परत गेले ते १९२० मध्ये, सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि एका पारशी मित्राच्या उसन्यावर. स्कॉलरशिपची मुदत आणि अट माणसाच्या आयुष्यात कुठपर्यंत पोचते ते आपल्याच गावाच्या इतिहासात असं लिहिलेलं आहे. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, नोकरीचा बाँड आहे का, किती वर्षांचा, विषय बदलला तर काय, मध्येच आजारी पडलं तर काय. आणि परत आल्यावर नोकरीच्या ठिकाणी तुमच्या मुलाला नीट वागवतील का, हे पण.

इथल्या काही प्रायव्हेट युनिव्हर्सिटीज १०० टक्के स्कॉलरशिप म्हणून मोठ्या जाहिराती करतात, तिथे तर डोळ्यांत तेल घालून वाचायला हवं. शंभर टक्के म्हणजे फक्त ट्यूशनचे, तेही पहिल्या वर्षी, पुढे मार्क एवढे टिकवले तर, आणि हॉस्टेल-मेस-परीक्षा-युनिफॉर्म मिळून जे होतं त्यात एमएसयूची सगळी डिग्री निघून जाईल. याला मी फुल स्कॉलरशिप धरत नाही.

आता कुणी म्हणेल तुम्ही नावाच्या विरुद्ध आहात. तसं नाही. नावाचा उपयोग होतो, फक्त कुठे होतो ते बघायला हवं. अमेरिकेत यावर बराच अभ्यास झालाय. डेल आणि क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये जो अभ्यास छापला त्यात असं दिसलं की मोठ्या कॉलेजात निवड होऊनसुद्धा जी मुलं कमी नावाच्या कॉलेजात गेली त्यांची पुढची कमाई मोठ्या कॉलेजात गेलेल्यांच्या साधारण बरोबरीचीच होती, म्हणजे गुण मुलाचा होता. पण ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची होती त्या मुलांना मात्र मोठ्या कॉलेजचा फायदा दिसला, आणि ते समजण्यासारखं आहे, ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्याला ओळखी तिथेच होतात. अलीकडे २०२३ मध्ये चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात सरासरी कमाईत फार फरक नाही पण अगदी वरच्या १ टक्क्यात पोचायची आणि नावाजलेल्या कंपन्यांत शिरायची शक्यता वाढते असं निघालं. हे अभ्यास तिकडच्या मुलांवरचे, बॅचलर्सचे, आपल्या एमएसच्या मुलाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरी त्यावरून एवढं तर कळतं की ज्याला बड्या फर्मच्या नोकरीतच जायचंय त्याचं गणित वेगळं आणि ज्याला लॅबमध्ये काम करून पुढे पीएचडी करायचीय किंवा चांगला इंजिनिअर व्हायचंय त्याचं वेगळं. भाचीला बॅटरीवर काम करायचं होतं आणि ते काम त्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये चालू होतं. मोठ्या ठिकाणी तिला लॅबची शाश्वतीच नव्हती, नुसते कोर्सेस होते.

आणि नाव आणि पैसा नेहमी एकमेकांच्या विरुद्ध असतात असंही नाही, हे बारावीच्या पालकांनी खास लक्षात घ्यावं. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येलसारख्या ठिकाणी मार्कांवर स्कॉलरशिप नसतेच, पण बॅचलर्ससाठी घरचं उत्पन्न बघून मदत देतात, परदेशी मुलांनासुद्धा. तिथे निवड झालेल्या मध्यमवर्गीय मुलाला अनेकदा बाकी ठिकाणांपेक्षा कमी भरावं लागतं, म्हणून आकडा बघून अर्जच न करणं बरोबर नाही. आपल्या आयआयटीतही घरचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तर बीटेकची ट्यूशन पूर्ण माफ आणि ५ लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ असते. देशातल्या चांगल्या संस्थांसाठी २०२४ च्या नोव्हेंबरपासून पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, विनातारण कर्ज, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळातल्या व्याजात ३ टक्के सवलत. एवढं छोटं कर्ज काढून देशातली मोठी संस्था मिळत असेल तर मी स्वतः म्हणेन जा, बिनधास्त जा. माझा अंदाज असा असतो की एकूण कर्ज मुलाच्या पहिल्या नोकरीच्या एका वर्षाच्या पगाराएवढं किंवा त्याच्या आत असेल तर झेपतं, दुप्पट झालं की घराची झोप जाते, आणि भाचीच्या बाबतीत ते इथल्या पगाराच्या कितीतरी पट होतं.

मुलाला विचारायचं राहून जातं हे पण मी बघितलंय. माझ्यासमोर बाप बोलतो, आई बोलते, मामा बोलतो आणि ज्याला जायचंय तो मोबाइलमध्ये बघत बसलेला असतो. एकदा मी एका मुलाला बाजूला नेऊन विचारलं तुला काय वाटतं, तो म्हणाला मॅडम मला स्कॉलरशिपवालीच घ्यायचीय, बाबांनी लोन घेतलं तर मला आवडीची नोकरी निवडताच येणार नाही, जी जास्त पगार देईल तीच धरावी लागेल. केवढी समज होती त्या पोराला. त्याने ते घरात बोलून दाखवलं नव्हतं कारण बाबांना वाईट वाटेल.

आपल्या पेपरात जून-जुलैत अभिनंदनाचे फोटो छापून येतात, मंडळांचे गुणगौरव समारंभ होतात, शाल-श्रीफळ दिलं जातं, ते छानच आहे. माझी आपल्याला विनंती आहे की त्या फोटोखाली नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव न छापता त्या मुलाला कसली स्कॉलरशिप मिळाली, कुठल्या विषयात, कुठल्या लॅबमध्ये, हे पण छापावं. पूर्ण स्कॉलरशिपवर गेलेल्या मुलाचा सत्कार मंडळांनी तेवढ्याच मानाने करावा. आणि सत्कार जूनमध्ये होतो तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं, त्याआधी फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये एखादा रविवार सकाळचा ठेवावा, तिकडे शिकत असलेली दोन-तीन मुलं व्हिडिओ कॉलवर घ्यावीत, एखादा बँकवाला बसवावा, एखादे एमएसयूचे प्राध्यापक बसवावेत आणि पालकांना प्रश्न विचारू द्यावेत. खर्च काहीच नाही, हॉल तर मंडळांचे आहेतच.

ज्या मंडळाला असा कार्यक्रम करायचा असेल त्यांच्याकडे मी यायला तयार आहे, मानधन वगैरे काही नको. पालकांनी मुलाला सोबत आणावं, घरचं उत्पन्न आणि चालू हप्ते एका कागदावर लिहून आणावेत, आणि दोन्ही लेटर अटींच्या पानांसकट पूर्ण प्रिंट काढून आणावीत, मोबाइलवर नुसतं पहिलं पान दाखवलं तर मला काहीच सांगता येत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदा